दर खोऱ्याची बोली वेगळी

हातातलं काम चालू राहू द्या. तांदूळ निवडत असाल तर निवडत राहा, कारण आज तांदळाचाच विषय निघणार आहे. फक्त तो शिजतो फार लांब, हिमालयाच्या पलीकडे.

थंडी पडली की तालुक्याच्या बाजारात तिबेटी बायका स्वेटर घेऊन येतात, हे तुम्हाला माहीतच आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघी गटाचं बँकेतलं काम आटोपून त्यांच्या दुकानापाशी थांबलो. घासाघीस चालली होती. दुकानातली बाई आमच्याशी हिंदीत बोलत होती, मधूनच एखादा मराठी शब्द टाकत होती. तेवढ्यात तिला फोन आला. फोनवर ती एका तऱ्हेने बोलली. फोन ठेवून शेजारच्या दुकानातल्या बाईशी बोलली, तेव्हा सूर वेगळा, शब्दही वेगळे. आमच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, ही तुमची एकच भाषा ना?" ती हसली. म्हणाली, घरची वेगळी, कॅम्पातली वेगळी. तिची आई खाम भागातली आणि सासू आमदो भागातली. लग्न होऊन आली तेव्हा सासू काय मागते तेच तिला कळायचं नाही. सासूने मीठ मागितलं की ही पाणी घेऊन जायची.

आम्ही गप्पच झालो. तिबेटी म्हणजे एक भाषा, असंच आम्ही धरून चाललो होतो. म्हणून मग आम्ही विचारलं, वाचलं, जाणत्यांकडून ऐकलं, आणि जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत. त्यातून आमचीच एक चूकही आम्हाला कळली. ती शेवटी सांगू.

आधी तिबेट कुठे ते बघू. हिमालय ओलांडला की उत्तरेला एक प्रचंड पठार लागतं. त्याची सरासरी उंची ४,००० मीटरहून जास्त आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटरचं. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी त्या पठाराच्या सपाटीला पोचत नाही. या पठाराचे तीन मोठे भाग तिबेटी लोक मानतात. मधला आणि पश्चिमेकडचा उ-त्सांग, त्यातच ल्हासा शहर. पूर्वेकडचा खाम, खोल दऱ्यांचा. आणि ईशान्येकडचा आमदो, गवताळ कुरणांचा. या तिन्ही भागांची बोलणी इतकी वेगळी, की खामच्या आडगावची बाई आणि आमदोची बाई पहिल्यांदा भेटल्या तर एकमेकींचं बोलणं त्यांना धड उमगत नाही.

असं का झालं? डोंगरामुळे. खाममध्ये तीन मोठ्या नद्या शेजारी शेजारी वाहतात आणि त्यांच्या मधे उंच डोंगररांगा उभ्या आहेत. बर्फ पडलं की खिंडी बंद. एका खोऱ्यातली मुलगी दुसऱ्या खोऱ्यात द्यायची तर किती दिवसांची वाट! मग प्रत्येक खोऱ्याची बोली आपापल्या वाटेने गेली. उलट आमदोतले मेंढ्या आणि याक घेऊन फिरणारे लोक बघा. याक म्हणजे लांब केसांचा, थंडीतला बैल. हे लोक कुरणामागून कुरण फिरतात, एकमेकांना भेटत राहतात, म्हणून त्यांचं बोलणं दूरदूरपर्यंत बरंचसं सारखं राहिलं. शेती करून एका जागी राहणाऱ्यांचं मात्र गावागणिक बदललं.

आपण म्हणतो ना, दर बारा कोसांवर भाषा बदलते. तिबेटी लोकांतही तशीच म्हण आहे. दर खोऱ्याची बोली वेगळी आणि दर लामाची शिकवण वेगळी, असा तिचा अर्थ. निकोला तूर्नाद्र नावाचे फ्रेंच भाषाअभ्यासक अनेक वर्षं त्या भागात फिरले. जुन्या तिबेटीपासून निघालेल्या भाषा सुमारे ५० आहेत आणि त्यांच्या बोली २०० च्या वर आहेत, असा त्यांचा हिशोब आहे. या सगळ्या भाषा फक्त तिबेटात नाहीत. भारत, नेपाळ, भूतान आणि पाकिस्तान या देशांतही त्या बोलल्या जातात.

बोलणी इतकी, पण लिहिणं एकच. आणि ते लिहिणं आपल्या ओळखीचं आहे. तिबेटी मूळाक्षरं म्हणून बघा: क, ख, ग, ङ. मग च, छ, ज, ञ. मग त, थ, द, न. मग प, फ, ब, म. आपल्या अंगणवाडीतल्या पोरांसारखंच! कारण ही लिपी भारतातल्या जुन्या लिपीवरूनच घडली. सातव्या शतकात स्रोंगत्सेन गाम्पो नावाचा राजा होता. त्याने थोन्मी संभोट नावाच्या आपल्या माणसाला भारतात शिकायला पाठवलं आणि त्याने परत जाऊन ३० अक्षरांची लिपी बसवली, अशी तिबेटी परंपरा सांगते. त्या लिपीत पुढे संस्कृतातले बौद्ध ग्रंथ शेकड्यांनी उतरवले गेले. त्यातले कित्येक आपल्याकडे नष्ट झाले, पण तिबेटी भाषेत टिकून राहिले. आपल्या घरातून गेलेली वस्तू शेजारणीने जपून ठेवावी, तसंच हे झालं.

आता तांदळाकडे येऊ. जुन्या काळी अक्षरं बसवली तेव्हा लोक जसं बोलत होते तसं लिहिलं गेलं. तांदळाला ते 'ब्रस' सारखं लिहितात. लिहिलेलं तसंच राहिलं, पण बोलणाऱ्यांच्या जिभा बदलत गेल्या. आज ल्हासातली बाई तांदळाला 'डे' म्हणते. तिथला 'ब' गेला, 'र' विरघळला, 'स' गळला. लेहमधली बाई 'डस' म्हणते. आणि पार पश्चिमेला, बाल्टिस्तानातली बाई आजही 'ब्रस' म्हणते. वाघाचंही तसंच. लिहिताना 'स्तग'. लेहमध्ये म्हणतात 'स्ताक'. ल्हासात सुरुवातीचा 'स' नाहीच, नुसतं 'ताक'. आपण ताक म्हटलं की घुसळखांब आठवतो, ल्हासात वाघ उभा राहतो!

मैत्रिणींनो, यातली गंमत लक्षात आली का? ल्हासा म्हणजे राजधानी. मोठे मठ तिथे, सरदार घराणी तिथे, दरबार तिथे. ल्हासाचं बोलणं म्हणजे सभ्य, असं मानलं गेलं. लांबच्या कुरणावरच्या मेंढपाळाचं बोलणं ओबडधोबड, असा समज. पण पोथीतल्या अक्षरांशी जुळवून बघितलं तर अक्षरांच्या सगळ्यात जवळ कोण? एका टोकाला बाल्टिस्तान आणि दुसऱ्या टोकाला आमदो. ज्यांना गावंढळ म्हटलं गेलं त्यांच्याच तोंडी जुने, जड, जोडाक्षरांचे उच्चार टिकले. आणि राजधानीतलं बोलणं लिहिलेल्यापासून खूप पुढे निघून गेलं.

म्हणून ल्हासाचं बोलणं बिघडलं असंही समजू नका. तिथे अक्षरं झिजली, पण त्यांच्या जागी सूर आला. एक उदाहरण सांगतो. 'स' म्हणजे माती. 'झ' म्हणजे खाणं. ल्हासात आता दोन्हीचा उच्चार 'सा' असाच होतो. मग माती कुठली आणि खाणं कुठलं, हे कळावं कसं? माती उंच सुरात म्हणायची, खाणं खालच्या सुरात. आमदोत असं सुरांवर काही चालत नाही. तिथे अक्षरंच वेगळी ऐकू येतात. ज्या बोलीने एक गोष्ट सोडली तिने दुसरी धरली. तेव्हा शुद्ध कोणती आणि अशुद्ध कोणती, हे ठरवायचं कुणी?

मान देण्याची रीतही बघण्यासारखी आहे. आपण 'तू', 'तुम्ही', 'आपण' म्हणतो. ल्हासात मोठ्या माणसाच्या डोक्याला, हातालासुद्धा वेगळा शब्द लागतो. आपलं डोकं 'गो', मोठ्यांचं 'ऊ'. आपला हात 'लाक्पा', मोठ्यांचा 'छाक'. नावापुढे 'ला' लावतात, आपल्या 'जी' सारखा. आईला 'अमा-ला'. लडाखमध्ये तोच मान 'ले' लावून देतात. आई 'अमा-ले', मोठी बहीण 'अचे-ले'. आमदोत मात्र असे मानाचे शब्द फार थोडे. त्यामुळे आमदोचा माणूस अगदी आदराने बोलत असला तरी ल्हासाच्या माणसाला वाटतं, काय हा उर्मट! तो उर्मट नसतो, त्याच्या घरी मान देण्याची तऱ्हाच वेगळी असते. आपल्याकडे एखाद्या भागात सासऱ्यालाही 'तू' म्हणतात आणि दुसऱ्या भागातली सून ते ऐकून चपापते, तसंच हे.

आता जरा शेजारपाजार फिरू. आपल्या देशातल्या लडाखमध्ये भेटल्यावर 'जुले' म्हणतात. नमस्कारालाही जुले, आभारालाही जुले, निघतानाही जुले. ल्हासात 'ताशी देलेक', आमदोत 'छ्यो देमो'. पाणी मात्र यातल्या बहुतेक ठिकाणी 'छू'. लडाखमध्ये बायकांचे गट आहेत, त्यांना 'अमा त्सोग्सपा' म्हणतात. म्हणजे आयांची मंडळी. आपल्या बचत गटाला यापेक्षा चांगलं नाव कुठलं?

लडाखच्या पश्चिमेला बाल्टी बोलणारे लोक. हे मुसलमान आहेत, आणि बाल्टी उर्दूच्या अक्षरांत लिहितात. बहुतेक जण पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात राहतात. काही गावं आपल्याकडे आहेत. तुर्तुक गाव १९७१ च्या लढाईनंतर भारतात आलं. धर्म वेगळा, लिपी वेगळी, मधे सरहद्द, पण तांदूळ पोथीतलाच 'ब्रस'. गेसर नावाच्या वीर राजाच्या कथा ल्हासाकडेही सांगतात, लडाखमध्येही सांगतात आणि बाल्टिस्तानातही.

भूतानची राष्ट्रभाषा जोंगखा. 'जोंग' म्हणजे किल्ला, 'खा' म्हणजे भाषा. किल्ल्याची भाषा! जोंगखा तिबेटीची बहीण आहे. पण त्याच भूतानच्या पूर्वेला शार्चोप लोकांची त्शांगला भाषा आहे, ती मात्र बहीण नाही, लांबची चुलत बहीण. आपल्या हिमाचलातली किन्नौरी, सिक्कीममधली लेपचा, नेपाळातली तामांग, याही अशाच चुलत घरच्या भाषा. शेरपांची भाषा मात्र सख्ख्या घरातली. म्हणजे एका डोंगराच्या अलीकडे सख्खी, पलीकडे चुलत, असं मिसळलेलं गाव आहे ते.

आणि तिबेटी म्हणवणारे सगळे तिबेटी भाषाच बोलतात असंही नाही. पूर्वेकडे, आजच्या चीनच्या सिचुआन प्रांतात, ग्यालरोंग लोक आहेत. ते स्वतःला तिबेटी मानतात, पूजा-प्रार्थना तिबेटीत करतात, पण घरात बोलतात ती ग्यालरोंग भाषा ल्हासाच्या माणसाला अजिबात कळत नाही. माणसाची ओळख आणि घरची भाषा एकच असली पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

मग १९५९ साल आलं. दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० माणसं आली. दलाई लामा स्वतः १९३५ साली आमदोतल्या तक्त्सेर नावाच्या लहानशा गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मले. ल्हासाची बोली त्यांच्याही घरची नव्हती. लहानपणी त्यांना ल्हासाला नेलं, तिथे ती त्यांची झाली. भारतात आलेल्या लोकांत उ-त्सांगचे होते, खामचे होते, आमदोचे होते. रस्त्यांच्या कामावर, छावण्यांत, सगळे एकत्र आले. पुढे त्यांच्या वसाहती झाल्या. आपल्या महाराष्ट्रातही एक आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला, नोर्ग्येलिंग नावाची. ती १९७२ साली वसली.

एकत्र राहायचं तर एकमेकांचं बोलणं कळायला हवं. मुलांच्या शाळा १९६० पासूनच सुरू झाल्या. शाळेत आणि वसाहतीत हळूहळू एक सामाईक बोली तयार झाली, बरीचशी ल्हासाच्या वळणाची. ती झाली नसती तर आमच्या स्वेटरवाल्या ताईला सासूने मीठ मागितलं की पाणीच न्यावं लागलं असतं. सामाईक भाषेने माणसं जोडली गेली, हे खरंच आहे. पण सासूची आमदोची बोली नातवंडांना येते का, असं आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, समजते थोडी, बोलता येत नाही. सासू आता नातवंडांशी बोलताना कॅम्पातलीच बोली बोलते. स्वतःच्या घरात ती रोज दुसऱ्याच्या भाषेत बोलते आहे, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिकडे तिबेटात तर प्रश्न फार मोठा आहे. तिथल्या शाळांत चिनी भाषेचा वापर वाढत गेला आहे. मुलं लहान वयात वसतिगृहाच्या शाळांत जातात, आणि घरची भाषा सुट्टीपुरती राहते. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी याबद्दल जाहीर काळजी व्यक्त केली. अशी मुलं सुमारे १० लाख आहेत, असं त्यांनी म्हटलं. चीन सरकारला हे मान्य नाही. खाममधल्या युशू गावाकडचे ताशी वांगचुक नावाचे एक दुकानदार आहेत. मुलांना शाळेत तिबेटी नीट शिकवावी, एवढंच ते मागत होते. २०१६ च्या जानेवारीत त्यांना पकडलं आणि पाच वर्षांची कैद झाली. २०२१ मध्ये ते सुटले. आपल्या भाषेत शिकणं ही साधी गोष्ट वाटते, पण कुणाला त्यासाठी पाच वर्षं द्यावी लागतात.

आणि अजून एक पायरी खाली बघा. आमदोतच चार गावांत मनेगाचा नावाची भाषा बोलतात. बोलणारे सुमारे ८,०००. त्यांची भाषा मंगोल घराण्यातली. जेराल्ड रोश नावाच्या अभ्यासकाने हे लिहून ठेवलं आहे. त्यांच्यावर चिनीचा दाब आहेच, शिवाय आजूबाजूच्या तिबेटीचाही आहे. घरातच मुलं तिबेटीकडे वळताहेत. ज्या तिबेटीवर मोठी भाषा बसली आहे, तीच इथे दुसऱ्या छोटीवर बसली आहे. सासुरवास भोगलेली सून पुढे सासू होते आणि आपल्या सुनेला तसंच वागवते, हे आपण घरोघरी पाहिलंय. भाषांतही तेच होतं. आणि ज्याला आपल्यावरचा दाब कळतो, त्याला आपण दुसऱ्यावर टाकलेला दाब कळतोच असं नाही.

इथे आमची चूक सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी याच रेडिओवर आम्ही आपल्या गटातल्या एका मावशीला बोलायला बसवलं होतं. भाताची रोवणी, रानभाज्या, पावसाची लक्षणं, सगळं तिच्या तोंडपाठ. ती झाडीबोलीत बोलत होती, 'पानी' म्हणत होती. आम्ही मधेच थांबवलं. म्हटलं, मावशी, 'पाणी' म्हण. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा 'पानी'च आलं. तिसऱ्यांदा आम्ही थांबवलं तेव्हा तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठली. म्हणाली, माझी भाषा शुद्ध नाही बाई, तुम्हीच बोला. तिला कुणी रागावलं नव्हतं. पण त्यानंतर ती बैठकीतही फारशी बोलली नाही. कर्जाचा विषय असला तरी मान हलवायची फक्त.

कोणी मोठ्या अधिकाऱ्याने तिचं तोंड बंद केलेलं नव्हतं. आम्ही, तिच्याच गटातल्या बायांनी केलं. शाळेत आमची बोली सुधारली गेली तेव्हा आम्हाला वाईट वाटलं होतं, आणि तेच आम्ही मावशीला केलं. तिबेटची ही सगळी गोष्ट वाचताना आम्हाला राहून राहून तीच आठवत होती. कुरणावरची मेंढपाळ बाई जुनी अक्षरं जपून बसली आहे, आणि राजधानीतले लोक म्हणताहेत, हिला बोलता येत नाही!

मागच्या आठवड्यात आम्ही मावशीच्या घरी गेलो. माफी मागितली. स्वेटरवाल्या ताईची आणि तिच्या सासूची गोष्ट सांगितली. 'ब्रस' आणि 'डे' ऐकून ती हसली. रेडिओवर यायला अजून तयार नाही. विचार करते म्हणाली. पण निघताना तिने आम्हाला सात रानभाज्यांची नावं सांगितली. त्यातली चार आमच्यातल्या तरुण मुलींनी कधी ऐकलीच नव्हती. आम्ही ती वहीत लिहून घेतली, तिने म्हटली तशीच. एक अक्षरही बदललं नाही.

मैत्रिणींनो, सामाईक भाषा हवीच. बँकेत, पंचायतीत, दवाखान्यात ती लागते, आणि आपल्या मुलींना ती चांगली आली पाहिजे. पण त्यासाठी घरची बोली टाकून द्यावी लागत नाही. ती स्वेटरवाली ताई घरी एक, कॅम्पात दुसरी, बाजारात हिंदी आणि आपल्याशी चार शब्द मराठी, असं सगळं बोलते आणि तिच्या जिभेला काही जड होत नाही. तेव्हा या महिन्याच्या बैठकीत एक करा. गटातल्या सगळ्यात वयस्क बाईला पहिली बोलायला सांगा. गोंडी बोलत असेल तर गोंडीत, हलबी बोलत असेल तर हलबीत, झाडीबोलीत असेल तर तशी. कळलं नाही तर विचारा. मधे थांबवू मात्र नका.

आज इथेच थांबतो. लडाखच्या मैत्रिणी म्हणतात तसं, जुले.